लोक पळायला का लागतात, आणि पळत का राहतात

पहाटे साडेपाचला बेळगावातून बाहेर पडून येळ्ळूर, कडोली किंवा बेळगुंदीच्या रस्त्याला लागा. पहिल्यांदा भेटतात ती भरतीची पोरं. चड्डी-बनियन, पायात झिजलेले बूट, हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. गावात परत या, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा काँग्रेस रोडला दुसरी तऱ्हा दिसेल. चाळिशी-पन्नाशीतली माणसं, नवे कोरे बूट, आणि चेहऱ्यावर डॉक्टरांच्या रिपोर्टची काळजी. तिसरी तऱ्हा याच रस्त्यांवर असते, पण चटकन लक्षात येत नाही. ही माणसं सावकाश पळतात, गप्पा मारत पळतात आणि वर्षानुवर्षं पळतात. त्यांना विचारलं, का पळता, तर म्हणतात, "सवय लागलीय ओ. नाही गेलं की दिवस जात नाही."

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. पहिल्या दोघांना आपण का पळतो ते अगदी नेमकं सांगता येतं, आणि त्यांच्यातलेच बरेच जण मधेच सोडून देतात. तिसऱ्याला धड कारण सांगता येत नाही, पण तो थांबत नाही. मी स्वतः पळते, नव्यांना सोबत घेऊन पळते, आणि हे इतक्यांदा पाहिलंय की माझं मत पक्कं झालंय. ज्या कारणानं पळायला सुरुवात होते, ते कारण माणसाला फार लांब नेत नाही. वाटेत कुठेतरी कारण बदलावं लागतं. ते बदललं तर माणूस टिकतो, नाहीतर बूट चप्पलांच्या रॅकमध्ये खालच्या फळीवर जातात.

हे कारण बदलतं कसं, याबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत बरंच संशोधन झालंय. ते आपल्या भाषेत मांडते.

पळणं कुणाचं?

आपल्याकडे पळण्याला ठरलेले मालक होते. एक सैनिक, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथंच आणि कॅम्पात जवानांच्या तुकड्या पळताना लहानपणापासून बघितलेल्या. दुसरा पैलवान, कारण तालमीत जोर-बैठकांबरोबर पळण्याची मेहनत असायचीच. तिसरं शाळेचं पोर. बँकेतला कारकून, दुकानदार, घर सांभाळणारी बाई यांनी उगीच पळायचं, ही कल्पनाच नव्हती. आजही एखादी बाई पहिल्यांदा गल्लीतून पळत निघाली की कट्ट्यावरून आवाज येतो, "काय ओ, कुणी पाठीला लागलंय काय?"

जगातही ही गोष्ट तशी नवीच आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ऑलिंपिकचे खेळाडू घडवता घडवता पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांना हळूहळू पळायला लावलं. त्यांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलेही होते. त्या काळात अशा रुग्णांना पडून राहायला सांगत. अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ मध्ये तिकडे गेले, ते बघून आले आणि हे खूळ अमेरिकेत पसरलं. १९६८ मध्ये केनेथ कूपर या हवाई दलातल्या डॉक्टरांनी हृदय-फुफ्फुसांच्या व्यायामाचं शास्त्र सामान्य माणसापर्यंत नेलं. बायकांना मात्र लांब पळणं झेपणार नाही, हा समज पुष्कळ टिकला. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली ती १९८४ मध्ये. भारतात सामान्य माणसाच्या डोक्यात मॅरेथॉन शिरली ती २००४ च्या मुंबई मॅरेथॉनपासून.

सुरुवातीचं कारण अपुरं का पडतं

भरतीच्या पोरांचं उदाहरण घ्या, कारण ते सगळ्यात स्वच्छ आहे. सैन्यभरतीत १.६ किलोमीटर, म्हणजे मैलभर. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडेही अर्ज करता येतो, त्यामुळे बरीच पोरं दोन्हीकडची तयारी एकदमच करतात. त्यांची जिद्द बघून माझा जीव भरून येतो. थंडी असो, धुकं असो, पोरगं रस्त्यावर असतंच. पण निकाल लागला की काय होतं? निवड झाली तर पोरगं ट्रेनिंगला जातं. वय निघून गेलं, तर दुसऱ्या दिवसापासून ते पळणंच थांबवतं. जिल्ह्यातल्या चांगल्या चांगल्या पायांचं पळणं असं विशी-बाविशीतच संपतं. त्यात त्यांचा आळस नाही. पळणं हे कशासाठी तरी होतं, आणि ते 'कशासाठी' संपलं.

शुगरच्या रिपोर्टचंही तेच होतं, फक्त सावकाश. भीतीनं माणूस घराबाहेर पडतो. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारतो. भीती ओसरते, तसे पायही ओसरतात.

रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी माणूस एखादी गोष्ट आपणहून का करत राहतो, याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या मते त्याला तीन गोष्टी लागतात. ते काम आपल्या मर्जीनं चाललंय असं वाटणं, ते आपल्याला जमत चाललंय असं वाटणं, आणि त्यात आपली माणसं असणं. बक्षीस, दंड किंवा भीती यांच्या जोरावर सुरुवात होते, पण ती या तिघांची जागा घेऊ शकत नाहीत.

शिवाय तब्येतीचा फायदा लांबचा असतो. २०१४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ हजारांवर प्रौढ माणसांना सरासरी १५ वर्षं पाहिलं होतं. पळणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न पळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी, आणि हृदयविकार व पक्षाघातानं होणाऱ्या मृत्यूचं ४५ टक्क्यांनी कमी. रोज जेमतेम पाच-दहा मिनिटं, तेही हळू पळणाऱ्यांनाही हा फायदा दिसला. मुळात धडधाकट माणसंच पळायला जातात, हा भाग त्यात मिसळलेला असतो, पण तो वगळूनही आकडे बोलके आहेत. एवढं असूनही थंडीच्या पहाटे रजई बाजूला सारायला हे आकडे कामाला येत नाहीत. रजईची ऊब आत्ता आहे, पंधरा वर्षांनंतरचा फायदा पंधरा वर्षांनंतर आहे. म्हणून फायदा त्याच सकाळी, पळता पळता मिळायला हवा. तो मिळतो, पण पहिले काही आठवडे कसे जातात यावर सगळं अवलंबून असतं.

पहिल्या तीन महिन्यांत आत काय होतं

नवखा माणूस म्हणतो, "माझा दमच टिकत नाही." तो दम कसा वाढतो हे कळलं, तर धीर धरता येतो.

सगळ्यात आधी बदलतं रक्त. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो. हृदयात जास्त रक्त भरून येतं, एका ठोक्याला जास्त बाहेर फेकलं जातं, आणि त्याच वेगाला ठोके कमी पडतात. म्हणून दहा-बारा दिवसांनी एक दिवस अचानक सोपं वाटतं. मग स्नायूंची पाळी. पेशींच्या आत मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात, तिथं प्राणवायू वापरून शक्ती तयार होते. महिना-दीड महिन्यात त्यांची संख्या आणि ताकद वाढते. स्नायूंभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. दोन महिन्यांपूर्वी ज्या चढावर थांबावं लागत होतं, त्या चढावर आता बोलता येतं.

पण शरीराचे सगळे भाग एका चालीनं सुधारत नाहीत. टाचेवरचा जाड स्नायुबंध, गुडघ्याच्या वाटीभोवतालचे बंध, नडगीचं हाड यांना महिनेच्या महिने लागतात. हाडाचं तर असं असतं की ताण पडला की जुना भाग आधी काढला जातो आणि नवा नंतर भरला जातो, मधले काही आठवडे ते उलट थोडं नाजूक होतं. म्हणजे दुसऱ्या महिन्यात तरणे बैल जुन्या गाडीला जुंपावेत तशी अवस्था होते. दम आलेला असतो, उत्साह आलेला असतो, माणूस एकदम राजहंसगडाच्या चढाला जातो, आणि पुढच्या आठवड्यात नडगी धरून बसतो. मी बघितलेल्यांत पळणं सोडायचं कारण कंटाळ्यापेक्षा हे जास्त वेळा असतं. जमायला लागलं की वाढवावंसं वाटतं, नेमक्या त्याच वेळी आवरायचं असतं. आठवड्याचं अंतर थोडं थोडंच वाढवा, आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी पळा.

वेग आणि वाटणं

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून इथं जरा थांबते.

हळूहळू वेग वाढवत नेला, की एका ठिकाणी श्वासाची चाल बदलते. तोपर्यंत श्वास वेगाच्या प्रमाणात वाढत असतो. त्या टप्प्यानंतर तो प्रमाणाबाहेर वाढतो, बोलणं तुटतं, पाय जड होतात. शरीरशास्त्रात याला श्वसनाचा उंबरठा म्हणतात. पँटेलीमॉन एकेकाकिस या संशोधकानं वर्षानुवर्षं एकच प्रश्न धरला. व्यायाम चालू असतानाच माणसाला कसं वाटतं? त्यातून असं दिसलं की या उंबरठ्याच्या आत बहुतेकांना बरं वाटतं, काहींना नाही, माणसागणिक फरक असतो. उंबरठा ओलांडला की मात्र जवळजवळ प्रत्येकाला वाईट वाटायला लागतं. मनाचा कणखरपणा तिथं फारसा चालत नाही, ती शरीराचीच हाक असते.

आता गंमत अशी, की बैठं काम करणाऱ्या माणसाचा उंबरठा फारच खाली असतो. भराभर चाललं तरी तो जवळ येतो. असा माणूस पहिल्या दिवशी 'पळायचं' म्हणून निघतो आणि पन्नास पावलांत उंबरठ्यापलीकडे जातो. मग जे वाटतं, त्यालाच तो पळणं समजतो. त्यात भर म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जणांनी पळणं शिकलंय ते शिक्षा म्हणून. उशिरा आलात, ग्राउंडला पाच राउंड. गृहपाठ नाही, दहा राउंड. चाळिशीत बूट घातले तरी ती भीती पायातच असते.

अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बैठ्या माणसांना ट्रेडमिलवर मध्यम गतीनं चालायला लावून, चालता चालताच कसं वाटतंय ते विचारलं. ज्यांना त्या पहिल्याच वेळी बरं वाटलं, ते सहा महिन्यांनी आणि वर्षानंतरही जास्त हालचाल करणारे निघाले. नंतर कसं वाटतं, आंघोळीनंतर किती प्रसन्न वाटतं, यापेक्षा चालू असताना काय वाटलं याला वजन आहे.

आमच्याबरोबर एक वहिनी यायला लागल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी सेफ्टी पिनांनी दोन्हीकडे टाचलेली, मुलाचे शाळेचे पांढरे बूट. शंभर पावलं जोरात पळायच्या आणि बरगडीखाली हात धरून उभ्या राहायच्या. दर वेळी तोंडात तेच, "माझ्यानं नाही होणार बघ." एक दिवस तिला म्हटलं, वहिनी, पळू नका. माझ्याबरोबर या आणि कुंदा कसा करता ते सांगा. ती बोलायला लागली. दूध किती, दही कधी घालायचं, साखर वेगळी जाळून रंग कसा आणायचा. वाक्य मधेच तुटलं की आम्ही चालायचो, श्वास जागेवर आला की पुन्हा पळायचो. दूध आटेपर्यंत आम्ही दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ पोचलो होतो. "एवढं आलो?" असं म्हणून तिनं मागं वळून बघितलं. त्या दिवसापासून तिला पळायला बोलवावं लागलं नाही.

बोलता येईल इतकाच वेग, ही कसोटी कुठल्याही घड्याळापेक्षा चांगली आहे. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं सुरू केलं तरी ते पळणंच असतं. आणि शेवट जोरात करू नका. २०१६ च्या एका प्रयोगात व्यायाम जोरात सुरू करून हळूहळू उतरवत नेला, तेव्हा लोकांना तो उलट्या क्रमापेक्षा जास्त सुखाचा वाटला आणि तशीच त्याची आठवण राहिली. भरतीच्या पोरांना शेवटचे दोनशे मीटर जीव तोडून मारायलाच लागतात. तुम्हाआम्हाला ती गरज नाही.

ती धुंदी खरंच असते का?

असते, पण रोज नाही, आणि सगळ्यांना नाही. अर्धा-पाऊण तास पळाल्यावर कधीतरी अंग हलकं होतं, दुखणं मागं पडतं, डोक्यातली कटकट थांबते. याचं श्रेय वर्षानुवर्षं एंडॉर्फिनला, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या आणि दुखणं कमी करणाऱ्या द्रव्याला, दिलं गेलं. पळताना रक्तात एंडॉर्फिन वाढतं हे खरं, पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा असतो त्यातून ते सहजी पलीकडे जात नाही. २००८ मध्ये जर्मनीत दहा जणांना दोन तास पळवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा मेंदूच्या आतही तशीच द्रव्यं सुटत असल्याच्या खुणा मिळाल्या. पण २०२१ च्या जर्मन प्रयोगात साठएक जणांपैकी काहींना एंडॉर्फिनचा परिणाम अडवणारं औषध देऊन पळवलं, आणि तरी त्यांना तसंच छान वाटलं, काळजीही तशीच कमी झाली.

त्यामुळे आता संशय दुसऱ्यावर आहे. आपलं शरीर गांजातल्या द्रव्यासारखं काम करणारी काही द्रव्यं स्वतःच तयार करतं. त्यातलं आनंदामाइड १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडलं. ते हा पडदा सहज ओलांडतं. उंदरांवरच्या २०१५ च्या प्रयोगात त्याचा मार्ग अडवला, तर पळण्यानंतरचा निवांतपणा नाहीसा झाला. माणसांमध्ये ते सगळ्यात जास्त वाढतं मध्यम वेगाला. रमतगमत चालताना नाही, आणि छाती फुटेपर्यंत पळतानाही नाही. म्हणजे बोलता येण्याचा वेग इथंही जिंकतो.

२०१२ मध्ये हेच द्रव्य तीन प्राण्यांत मोजलं गेलं. माणसात वाढलं, कुत्र्यात वाढलं, आणि मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेटमध्ये नाही. माणूस आणि कुत्रा लांब पळणारे, फेरेट नाही. यावरून काही शास्त्रज्ञ म्हणतात की लांब पळण्याला बक्षीस देणारा मेंदू आपल्याला पूर्वजांकडून मिळालाय. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लीबरमन यांनी २००४ मध्ये मांडलं होतं की टाचेचा लांब स्नायुबंध, मोठे नितंब, मानेमागचा डोकं स्थिर ठेवणारा बंध आणि घाम येणारं बिनकेसाळ अंग, हे सगळं लांब पळण्याच्या कामाचं आहे. यावर वाद आहेत. पण भर उन्हात भाताच्या शेतात दिवसभर राबणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना घामाची ताकद वेगळी सांगायला नको.

सवय, सोबत आणि घड्याळ

एकवीस दिवसांत सवय लागते, असं सगळीकडे सांगतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना नवी सवय लावायला दिली आणि रोज नोंद घेतली. एखादी गोष्ट न ठरवता आपोआप होऊ लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ पासून २५४ पर्यंत. व्यायामाची सवय पाणी पिण्याच्या सवयीपेक्षा सावकाश लागली. त्याच अभ्यासात एक दिलासा आहे. मधे एखादा दिवस चुकला तर सवयीवर फारसा परिणाम झाला नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस चुकला की "आता सोमवारपासून" सुरू होतं, आणि तो सोमवार पुढे सरकत जातो.

सवयीला खूण लागते. गल्लीतल्या देवळाची काकडआरती, दूधवाल्याची सायकल, मुलाची शाळेची बस जाणं, काहीही चालेल. खूण रोज तीच हवी. मनाला विचारायची वेळच येता कामा नये.

सोबतीबद्दल मात्र मी कितीही बोलेन. २०१७ मध्ये जवळजवळ अकरा लाख पळणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एका गावात पाऊस आणि दुसऱ्या गावात ऊन, असा फरक वापरून संशोधकांनी शोधलं की मित्र पळाला म्हणून आपण पळतो का. पळतो. मित्र एक किलोमीटर जास्त पळाला तर आपणही त्याच दिवशी सुमारे ०.३ किलोमीटर जास्त पळतो. कमी पळणारे जास्त पळणाऱ्यांना पुढे ढकलतात, कारण मागचा जवळ यायला लागला की पुढच्याला राहवत नाही. आणि बायकांवर परिणाम होतो तो बायकांचाच, पुरुषांच्या पळण्याचा होत नाही. हे वाचलं तेव्हा मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडे एक बाई आली की महिन्याभरात तिची जाऊ येते, मग शेजारीण.

त्यामागं सुरक्षितपणाही आहे. पहाटे पाचच्या अंधारात एकटीनं निघायचं तर कुत्री, बंद पडलेले रस्त्याचे दिवे आणि मागं मागं येणारी एखादी मोटारसायकल, या तिन्हींचा विचार करावा लागतो. चौघी असलो की यातलं काही मनात येत नाही. 'इच्छा असेल तर जमतं' असं बायकांना सांगणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा.

एकत्र पळण्यानं दुखणंही कमी जाणवतं. ऑक्सफर्डच्या वल्हवणाऱ्यांवर २०१० मध्ये प्रयोग झाला. तेवढीच मेहनत एकट्यानं केली आणि संघाबरोबर केली, तर संघाबरोबर केल्यावर दुखणं सोसण्याची ताकद बरीच जास्त वाढली. आमच्या गटात मराठी, कानडी, हिंदी, कोकणी सगळं चालतं. एकीकडे "चला ओ", दुसरीकडे "नडी नडी", आणि चढ आला की सगळे गप्प. या गावात भाषेवरून काय काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पळताना शेजारच्याचा श्वास ऐकू येतो, तेवढ्यावर ओळख होते.

घड्याळाचं सांगायचं तर ते मदतही करतं आणि घातही करतं. जमत चाललंय, हे आकड्यांत दिसलं की हुरूप येतो. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९७ लाखांहून जास्त मॅरेथॉनच्या वेळा पाहिल्या, तर चार तास, साडेतीन तास अशा गोल आकड्यांच्या जरा आत येणाऱ्यांची गर्दी दिसली. चार तासांच्या आत यायचं म्हणून माणूस शेवटी कुठून तरी ताकद काढतो. पण नवख्यानं पहिले दोन-तीन महिने वेग बघूच नये, फक्त किती मिनिटं घराबाहेर होतो ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. वेग बघितला की तो उंबरठा ओलांडतो, आणि मग पुन्हा शाळेचं ग्राउंड.

गुडघे आणि हृदय

घरचे दोनच प्रश्न विचारतात. गुडघे झिजतील का? २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौसेनं पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज साधारण ३.५ टक्क्यांना, न पळणाऱ्या बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्क्यांना, आणि स्पर्धेच्या पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्क्यांना दिसली. तेव्हा हौसेच्या पळण्याला घाबरू नये. गुडघा आधीच दुखावलेला असेल किंवा वजन फार असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवून, चालण्यापासून सुरू करावं.

पळताना हृदय बंद पडेल का? अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या सुमारे एक कोटी नऊ लाख स्पर्धकांची पाहणी झाली. हृदय बंद पडण्याचे प्रसंग ५९, म्हणजे १ लाख ८४ हजार जणांत एक. ज्यांचं कारण कळलं त्यांच्यातल्या बहुतेकांना हृदयाचा आजार आधीच होता. चाळिशी ओलांडली असेल, शुगर, बीपी किंवा घरात हृदयविकार असेल, तर आधी तपासणी. पळताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, चक्कर आली, तर त्याच जागी थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. तिथं हिंमत दाखवायची नाही.

पाऊस आला की

बेळगावच्या पळणाऱ्याची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. खानापूर, जांबोटीकडे तर रस्ता दिसत नाही इतका कोसळतो. शहरातही रिपरिप थांबत नाही, बूट दोन दोन दिवस वाळत नाहीत. पाय घसरतो, खड्डा पाण्याखाली असतो. खंड पडतो, आणि पडू द्यावा.

१९८४ मध्ये एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंना सराव थांबवायला लावून मोजमाप घेतलं. प्राणवायू वापरण्याची क्षमता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधारण ७ टक्के उतरली, आठ आठवड्यांत १६ टक्के. आधी उतरते ती रक्तातल्या प्लाझ्माची वाढ. म्हणून दोन आठवड्यांनी पळायला गेलं की वाटतं, सगळी मेहनत पाण्यात गेली. ती पाण्यात गेलेली नसते. प्लाझ्मा जसा पहिल्यांदा लवकर वाढला होता तसाच लवकर परतही येतो. हाडं आणि स्नायुबंधांना मात्र पुन्हा थोडा वेळ द्यावा लागतो.

खंडात अगदी काहीच नाही असं करू नका. आठवड्यातून दोनदा जिने चढा, घरात बैठका काढा. गणपती उठले, पाऊस ओसरला, की पहिले दहा दिवस पुन्हा पळणं-चालणं मिसळून करा, घड्याळ घरी ठेवा, आणि ज्या मैत्रिणीबरोबर जूनमध्ये थांबला होता तिला आदल्या रात्रीच फोन करून ठेवा.